उभ्या गाडीची झीज

इंजिन आणि राहते घर एकाच चासीवर बसवलेल्या गाडीला मोटारहोम म्हणतात. मुंबईच्या चित्रीकरणस्थळी दिसणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनमुळे मराठी वाचकाला तिच्या बाह्य रूपाची कल्पना असते. परंतु व्हॅनिटी व्हॅन ही कलावंताने दिवसभर विसावण्याची खोली, तर मोटारहोम हे झोपण्याची, स्वयंपाकाची, आंघोळीची आणि शौचाची सोय स्वतःबरोबर वागवणारे, आठवडेच्या आठवडे मुक्काम हलवत राहणाऱ्या कुटुंबाचे घर असते. या गाडीची संस्कृती खऱ्या अर्थाने रुजली ती अमेरिकेत. पिअर्स-ॲरो या कंपनीने १९१० मध्येच मुक्कामाच्या सोयी असलेली मोटार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली होती. मात्र सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात ही कल्पना आली ती आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या छोट्या गावातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून अशा गाड्यांची साखळी पद्धतीने निर्मिती सुरू केल्यावर. आज या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात आहे आणि अमेरिकेतील बहुसंख्य फिरती घरे तिथल्या कारखान्यांतून बाहेर पडतात.

या निर्मितीची एक रीत समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा कोणताही प्रश्न नीट उलगडत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि चासी ही फोर्ड किंवा मर्सिडीझसारखी मोटारकंपनी पुरवते, आणि तिच्यावर भिंती, छप्पर, नळ, वीज, गॅस हे सारे दुसरीच कंपनी चढवते. बसच्या आकाराच्या ‘ए’ वर्गातील गाडी उघड्या चासीवर उभारली जाते. ‘सी’ वर्गात चालकाची केबिन मूळ व्हॅनचीच राहते आणि तिच्या डोक्यावर झोपण्याचा माळा येतो. ‘बी’ वर्गात तयार व्हॅनच्या पोटातच सगळा संसार मांडतात. परिणामी एकाच गाडीत दोन वेगळ्या आयुर्मानाच्या वस्तू नांदत असतात. इंजिन चांगले असेल तर दोन-तीन लाख किलोमीटर चालू शकते, पण त्याच गाडीच्या भिंती काही वर्षांतच आतून कुजलेल्या निघू शकतात. मोटारीचा मेकॅनिक घराच्या भागाला हात लावत नाही, घर बांधणारी कंपनी इंजिनाची जबाबदारी घेत नाही आणि मालक या दोघांच्या मध्ये उभा राहतो. म्हणूनच या छंदात मुरलेली माणसे, मग ती पेशाने शिक्षक असोत वा बँकेतील अधिकारी, थोडी प्लंबर, थोडी वायरमन आणि थोडी सुतार होऊन जातात.

साध्या मोटारीचे वय किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय इथे दिशाभूल करते. खाजगी मोटारहोम वर्षाचे बहुतेक महिने घराच्या आवारात किंवा भाड्याच्या मोकळ्या जागेत उभे असते, आणि त्याचे बहुतेक आजार त्या उभ्या काळातच जडतात. जुनी गाडी घेणारा ग्राहक जेव्हा कमी चाललेली गाडी पाहून हरखतो, तेव्हा तो बरेचदा रोगाच्या लक्षणालाच आरोग्याचे लक्षण समजत असतो.

या आजारांत सर्वांत घातक आहे ते पाणी. बहुतेक मोटारहोमच्या भिंती पापुद्र्यांनी बनलेल्या असतात: बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत फोमचा थर, दोन्हींना धरून ठेवणारे पातळ प्लायवूड आणि हे सारे एकमेकांना चिकटवणारा सरस. अशी भिंत हलकी असते, उष्णता अडवते आणि कोरडी असेपर्यंत मजबूतही असते. पण एकदा आत पाणी शिरले की प्लायवूड फुगते, सरस सुटतो आणि बाहेरच्या गुळगुळीत पत्र्यावर बुडबुड्यासारखा फुगवटा येतो. असे पापुद्रे सुटल्यावर खरा इलाज म्हणजे भिंत उकलून नवी बांधणे. आणि त्याचा खर्च अनेकदा जुन्या गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. पाणी शिरते ते मुख्यतः छपरातून, कारण छप्पर ही सलग वस्तू नसून भोकांनी भरलेली वस्तू आहे. वातानुकूलन यंत्र, हवेचे झरोके, सांडपाण्याच्या टाक्यांचे वायुनळ, अँटेना, सौरपट्ट्यांच्या तारा या प्रत्येकासाठी छताला छेद दिलेला असतो, आणि गाडी धावताना होणाऱ्या सततच्या हादऱ्यांनी व उन्हाळा-हिवाळ्याच्या प्रसरण-आकुंचनाने त्या प्रत्येक छेदाभोवतीचा लेप हळूहळू तडकत जातो.

छपरावर बहुधा कृत्रिम रबराचा किंवा प्लास्टिकचा पातळ पडदा ताणून चिकटवलेला असतो आणि छेदांभोवती स्वतःहून पसरून सपाट होणारा खास लेप ओतलेला असतो. वर्षातून किमान दोनदा शिडी लावून वर चढावे, हाताने चाचपून प्रत्येक सांधा पाहावा, जिथे लेपाला भेग किंवा उचललेली कड दिसेल तिथे जागा स्वच्छ करून त्याच जातीचा नवा लेप द्यावा, एवढेच हे काम आहे; त्याला अर्धा दिवस आणि किरकोळ खर्च लागतो. तरीही नवशिके मालक सर्वाधिक टाळतात ते हेच काम, आणि केले तरी अनेकदा चुकीच्या वस्तूने करतात. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात भरायचे सिलिकॉन छपरावर वापरणे ही त्यांतली नेहमीची चूक होय. सिलिकॉनची पकड काही काळाने सुटते, आणि त्याचा जो अदृश्य थर मागे राहतो त्यावर पुढे दुसरा कोणताही लेप धरत नाही. खिडक्या आणि कोपऱ्यांच्या धातूच्या पट्ट्यांखाली मात्र ओतायचा लेप चालत नाही. तिथे ब्युटिल रबराची मऊ, चिकट पट्टी दाबून वरून स्क्रू आवळावे लागतात. गळती शोधताना हेही ध्यानात ठेवावे लागते की डाग जिथे दिसतो तिथे भोक असेलच असे नाही. छतात पुढच्या बाजूला शिरलेले पाणी सांगाड्याच्या पट्टीवरून वाहत जाऊन मागच्या कपाटात उतरू शकते. म्हणून अनुभवी ग्राहक जुनी गाडी पाहताना आतल्या पडद्यांचे सौंदर्य सोडून कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत हात घालतो, पायाखालची जमीन दाबून पाहतो, कुबट वास येतो का ते पाहतो आणि जमल्यास ओलावा मोजणारे छोटे यंत्र भिंतीला लावतो.

टायरांचे दुखणेही उभे राहण्याचेच आहे. रबराला सूर्यप्रकाश आणि हवेतील ओझोन यांपासून वाचवण्यासाठी त्यात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात; चाक फिरताना रबर दुमडते-उलगडते तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात आणि संरक्षक थर तयार होतो. चाक महिनोन्महिने एकाच जागी राहिले की हा थर नव्याने बनत नाही आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडू लागतात. नक्षी नव्यासारखी खोल असतानाही असा टायर महामार्गावर फुटतो, आणि फुटताना तो चाकाच्या कमानीजवळचे नळ, तारा आणि लाकूड फाडून नेतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर एका सांकेतिक ओळीच्या शेवटी चार अंक असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनी काहीही झाले तरी बदल हा प्रमुख उत्पादकांचा सल्ला आहे, आणि सावध मालक सहा-सात वर्षांतच टायर बदलून टाकतात. मोठ्या गाड्यांत मागच्या धुऱ्यावर बहुधा प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके असतात. त्यांतील आतल्या चाकापर्यंत हात सहजी पोहोचत नसल्याने त्याची हवा तपासायची राहून जाते, हा आणखी एक धोका.

उभ्या गाडीतील द्रवही शांत राहत नाहीत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि काही महिन्यांत त्याचा चिकट गाळ बनतो. गाडीतल्या जनित्राच्या कार्ब्युरेटरमधील केसाएवढ्या वाटा त्याने बुजतात. म्हणून जनित्र महिन्यातून एकदा निदान अर्धा तास, तेही रिकामे न चालवता अर्ध्या क्षमतेचा भार देऊन, चालवावे लागते. ब्रेकचे तेलही असेच ओलावा ओढून घेते. सपाट शहरी रस्त्यावर त्याने फरक पडत नाही, पण लांब उतारावर ब्रेक तापले की तेलातील पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचा पेडल तळापर्यंत जातो. दर दोन-तीन वर्षांनी ब्रेकचे तेल बदलण्याचा नियम किलोमीटरवर नव्हे तर दिनदर्शिकेवर का बांधलेला असतो, ते यावरून कळते.

विजेच्या बाबतीत मोटारहोममध्ये दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. दिवे, पाण्याचा पंप, पंखे आणि हीटरचा भाता बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, तर वातानुकूलन आणि मायक्रोवेव्हला भिंतीतल्या सॉकेटची, म्हणजे अमेरिकेत १२० व्होल्टची, वीज लागते. मुक्कामाच्या ठिकाणी खांबावरील जोडणीतून ही वीज येते आणि कन्व्हर्टर नावाचे यंत्र तिच्यातून बॅटरीही भरते. लहान गाड्यांची जोडणी तीस अँपिअरची असते, म्हणजे एका वेळी फार तर ३,६०० वॅट. वातानुकूलन आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी केस वाळवायला घेतले की खटका पडणारच. मोठ्या गाड्यांच्या पन्नास अँपिअरच्या जोडणीत मात्र १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असल्याने १२,००० वॅट मिळतात. तीस अँपिअरचे तीन पायांचे सॉकेट दिसायला घरातल्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखे भासते, आणि त्या साम्यामुळे घराशेजारी गाडीसाठी जोडणी करून देणारा वायरमन कधी कधी तिथे २४० व्होल्ट सोडतो; मग पहिल्याच जोडणीत आतली सगळी उपकरणे जळतात. प्रत्येक नव्या खांबावर आधी मीटर आणि मग प्लग, ही शिस्त त्यासाठीच आहे.

बॅटरीचा शत्रूही पुन्हा निष्क्रियता. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि बारा व्होल्टवर आली म्हणजे जवळजवळ निम्मी रिकामी झालेली असते. त्याखाली ती वारंवार गेली किंवा तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, रेडिओची स्मृती अशी बारीकसारीक उपकरणे बंद गाडीतही वीज घेत राहतात, त्यामुळे गाडी उभी करताना बॅटरीची तार सोडणे किंवा छपरावर सौरपट्टी असणे आवश्यक ठरते. अलीकडे लोकप्रिय झालेली लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी वजनाने निम्मीहून हलकी असते आणि जवळपास पूर्ण रिकामी केलेली चालते. पण शून्य अंश सेल्सिअसखालच्या थंडीत ती भरली तर आतून बिघडते, आणि स्वस्त बॅटऱ्यांत हे रोखण्याची सोय असेलच असे नाही.

स्वयंपाक, गरम पाणी आणि हीटर यांसाठी प्रोपेन वायू वापरतात. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळत असल्यामुळे बर्फातही टाकीतून वायू मिळत राहतो. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनचा मोठा वाटा असतो आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळायचे थांबते, म्हणून लडाखसारख्या प्रदेशात थंडीत ते सिलिंडर रुसते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साचतो, आणि त्याची सूचना देणारे यंत्र त्यामुळेच जमिनीजवळ बसवलेले असते. या यंत्राचेही आयुष्य काही वर्षांचेच असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज हा या घरातला सर्वांत नवलाचा भाग होय. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये शोधलेल्या या यंत्रात एकही हलता भाग नाही. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यातून अमोनिया वेगळा होतो, वर जाऊन थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे बाष्पीभवन होताना तो फ्रिजमधील उष्णता शोषतो आणि पुन्हा पाण्यात विरघळून खाली उतरतो. या प्रवासात द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतो, त्यामुळे गाडी तिरकी उभी करून फ्रिज चालू ठेवला तर द्रव नळीत अडतो, उष्णता वाढते आणि गंज रोखण्यासाठी घातलेले क्षार आत साचून नळी कायमची बुजते. मुक्कामाला पोहोचताच हे प्रवासी चाकांखाली फळ्या सरकवताना दिसतात त्यामागे झोपेच्या सोयीइतकीच फ्रिजचीही काळजी असते. नव्या गाड्यांत बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज येऊ लागल्याने हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आहे.

पाण्याच्या टाक्या तीन असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या सांडपाण्याची आणि शौचाची. शेवटच्या टाकीचा एकच मंत्र आहे, तो म्हणजे पाणी सढळ हाताने वापरणे आणि तिची झडप रिकामी करण्याच्या क्षणापर्यंत बंद ठेवणे; झडप उघडी राहिली तर द्रव वाहून जातो, घन तेवढा तळाशी साचून घट्ट होतो, आणि तो फोडण्याचे काम पैसे देऊनही कुणी आनंदाने करत नाही. शून्याखाली तापमान जाणाऱ्या प्रदेशात हिवाळ्याआधी सर्व नळ रिकामे करून त्यांत प्रोपिलीन ग्लायकोलचे गुलाबी द्रावण भरतात, कारण गोठताना प्रसरण पावणारे पाणी नळांचे सांधे आणि पंप फोडते. इंजिनात वापरतात ते इथिलीन ग्लायकोल विषारी असल्यामुळे इथे कदापि चालत नाही.

आता प्रवासाकडे वळायचे तर पहिला प्रश्न वजनाचा. चासी बनवणाऱ्याने ठरवलेल्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि पाणी यांसाठी उरणारी जागा आश्चर्य वाटावे इतकी थोडी असते. साठ गॅलनची स्वच्छ पाण्याची टाकी भरली की सव्वादोनशे किलो तिथेच संपतात. महामार्गांवरील ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात; तिथे प्रत्येक धुऱ्याचे वजन करून टायर उत्पादकाच्या तक्त्यानुसार हवा ठरवणे ही योग्य रीत असली तरी बहुतेक मालक गाडीला एकदाही काट्यावर नेत नाहीत.

दुसरा प्रश्न उंचीचा. छतावरील यंत्रे धरून गाडीची उंची अकरा ते तेरा फूट भरते, आणि चालकाला मोटारीची सवय असल्याने डोक्यावरच्या जागेचा विचार मनात येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीच्या एका रेल्वेपुलाने इतकी छपरे सोलली की तो त्याच कारणाने प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, तरीही धडका थांबल्या नाहीत. बंधने केवळ उंचीचीच नसतात. बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांत प्रोपेनची टाकी बसवलेल्या गाड्यांना मनाई आहे. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील पर्वत ओलांडणाऱ्या प्रसिद्ध रस्त्याच्या वरच्या टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही. अमेरिकेतील मराठी कुटुंबे सुट्टीत भाड्याचे मोटारहोम घेऊन उद्यानांकडे निघतात तेव्हा वाट ठरवणारे साधे मोबाइल नकाशे त्यांना यांतले काहीच सांगत नाहीत. गाडीची मापे भरून घेणारा वेगळा नकाशा किंवा ट्रकचालकांचा छापील नकाशासंग्रह लागतो. वळताना मागच्या धुऱ्यामागे लोंबणारा लांब भाग उलट्या दिशेने बाहेर झुकतो आणि पेट्रोलपंपाचे खांब त्याला नेमके तिथेच भेटतात. लांब उतारासाठी मात्र महाराष्ट्रातील घाटांत चालकांना पहिल्या दिवशी शिकवला जातो तोच नियम इथेही आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, आणि ब्रेक सतत दाबून न धरता मधूनमधून ठामपणे दाबून सोडावा.

वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय मोकळ्या रानात राहण्याची मोठी सोय अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी जमिनींवर आहे, जिथे सामान्यतः अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस एका परिसरात विनामूल्य राहता येते. ॲरिझोनातील क्वार्टझसाइट या वाळवंटी गावाभोवती हिवाळ्यात अशा गाड्यांचे शहरच वसते, आणि त्यांच्याबरोबर गाडीजवळ येऊन काम करणारे फिरते दुरुस्तीवाले, जुन्या सुट्या भागांचे विक्रेते आणि सल्ला देणारे वृद्धही येतात. दुरुस्तीचे खरे शिक्षण अशाच ठिकाणी होते. कारखान्याची पुस्तिका प्रत्येक उपकरणाचे वेगळे पान देते, पण ती उपकरणे एकमेकांना कशी बिघडवतात ते सांगत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्यानंतर भाड्याच्या अशा गाड्या राज्यात हळूहळू दिसू लागल्या. इथे नळ गोठण्याची भीती नाही, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आणि कोकणातील खारी, दमट हवा ही छपराच्या सांध्यांची अमेरिकेतल्यापेक्षा कडक परीक्षा घेते, आणि पर्यटनाचा हंगाम संपून गाडी उभी राहते तीही नेमकी याच महिन्यांत. म्हणून इथल्या मालकाने छपराची पाहणी मे महिन्यात एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा करावी, पावसाळ्यात गाडी शक्यतो पत्र्याखाली ठेवावी आणि उघडीप मिळाली की खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी. गाडी बांधून घेताना तर आणखी एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात पुढच्या चाकांना शक्ती देणारे, मागे हवेच्या फुग्यांवर तोललेली चार चाके असणारे एक मोटारहोम बनवले. त्याच्या भिंती आणि छप्पर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियम व फायबरग्लासचे पत्रे बसवून तयार केलेले होते. सांगाड्यात लाकूड नव्हते. उत्पादन बंद पडून चार दशकांहून अधिक काळ लोटला तरी त्या गाड्या अमेरिकेच्या रस्त्यांवर धावतात, त्यांच्या मालकांच्या संघटना मेळावे भरवतात आणि लहान कारखाने त्यांच्यासाठी सुटे भाग अजून बनवतात. खिडकीच्या रबरातून त्यांच्यातही पाणी शिरते. पण तेव्हा कपाट बदलावे लागते, भिंत नव्हे.